पांढरं पडलेलं सोनं

खोली बघायला गेले तेव्हा घरमालकांनी भाड्याचं नाव काढलं नाही. दारातच मला उभी करून विचारलं, "बाई, अंगावर सोनं काय काय आहे?"

मी छत्री घट्ट धरली. तुमसर सोडून बालाघाटच्या मुलींच्या शाळेत नोकरीला आले होते, गावात ओळखीचं कोणी नव्हतं, आणि हा उंच, हडकुळा, खाकी अर्ध्या चड्डीतला माणूस गळ्यात दोरीने भिंग अडकवून माझ्या कानांकडे टक लावून बघत होता. कानांत आईच्या कुड्या होत्या. एवढंच आहे, असं मी सांगितलं.

"हौ, पुरे. ते काढाचं नाही. दर रविवारी मले दाखवाचं. पिवळं आहे तोवर खुशाल राहा. पांढरं पडाले लागलं का खोली सोडाची. त्या महिन्याचं भाडं मी घेणार नाही."

भाडेकरूंना पाण्यावरून, पाहुण्यांवरून, रेडिओवरून अटी घालणारे घरमालक मी पुढे पुष्कळ पाहिले. सोन्याच्या रंगावरून अट घालणारे हे एकच. वेडा असावा असं वाटलं, पण खोली ओसरीला लागून, हवेशीर होती आणि भाडं कमी होतं. शिवाय आतल्या दाराआडून एक बाई माझ्याकडे बघत होती. तिचा अर्धाच चेहरा दिसत होता. मी हसले तशी ती दिसेनाशी झाली. घरात बाईमाणूस आहे एवढ्यावर मी ट्रंक आत ठेवली.

मी त्यांना काका म्हणू लागले, त्यांच्या बायकोला काकू. मूलबाळ नव्हतं. गावाजवळच्या मँगनीजच्या खाणीत, दगड तपासायच्या प्रयोगशाळेत त्यांची नोकरी झाली होती. छप्पन साली ते नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आले आणि आल्या आल्या घरातले देव, गंडे, ताईत, सगळं टोपलीत भरून नदीत सोडलं. बाहेरच्या खोलीत बुद्धाची एक तसबीर, तिच्यापुढे रोज ताजी फुलं. त्या घरात शिव्या चालत, पण भूत, नजर, करणी, बाहेरचं असले शब्द कोणी काढले तर काका पाहुण्यालाही अर्ध्या चहावरून उठवत. मी स्वतः ते एकदा पाहिलं आहे. पाहुणा त्यांचा चुलतभाऊ होता आणि चहा चांगला झाला होता.

दर रविवारी सकाळी ते मला ओसरीच्या कडेला उन्हात बसवत आणि भिंग लावून माझ्या कुड्या बघत. अंगाला हात लावत नसत. "जरा तिकडे मान करा," एवढंच म्हणत. शेजारणी कुंपणाआडून बघत आणि माझा जीव अर्धा होई. एकदा मी म्हटलं, "काका, लोक काय म्हणत असतील?" त्यावर ते म्हणाले, "लोकाईले हवा दिसते का? नाही न? मंग त्याईचं म्हणणं कशाले मोजता?"

हवा. त्या माणसाच्या डोक्यात दुसरं काही नव्हतंच. बालाघाटच्या हवेत पारा आहे, असं त्यांचं म्हणणं होतं. पारा तापला की त्याची वाफ होते, तिला वास नाही, रंग नाही, ती नाकातोंडातून माणसात जाते आणि माणसाला कळत नाही. पण सोन्याला कळतं. सोनं पाऱ्याला धरून ठेवतं आणि पांढरं पडतं. म्हणून त्यांनी खबरे नेमले होते. बोटाएवढी काचेची पट्टी घ्यायची, तिच्यावर अंड्याच्या पांढऱ्याने सोन्याचा वर्ख चिकटवायचा आणि दोऱ्याने टांगायची. अशा पट्ट्या गावभर लटकत होत्या. छोट्या लाइनच्या स्टेशनवर, सराफ्यात, घाटाच्या पायऱ्यांपाशी, आमच्या शाळेतल्या कडुनिंबाला, आणि एक बसस्टँडवरच्या चहावाल्याच्या छपराला. महिन्यातून एकदा ते सायकलवर फेरी मारून त्या बघून येत आणि जेवताना गावाची हवा सांगत. "सराफ्यात जड आहे. स्टेशन बरं आहे. तुमची शाळा एकदम साफ."

सराफ्यात जड असणारच, कारण तिथे चांदीवर सोन्याचा मुलामा चढवताना पारा जाळत. हे काकांना माहीत होतं, सराफांनाही माहीत होतं. पण गावाने त्या पट्ट्यांचा अर्थ आपल्या परीने लावला. बसस्टँडवरच्या पट्टीला कोणीतरी हळदकुंकू लावलं. पुढच्या महिन्यात तिच्याखाली नारळ फुटलेला. पदराला गाठ मारून बसलेल्या बायकांच्या देखत काका ती पट्टी ओल्या फडक्याने पुसू लागले, तेव्हा चहावाला कळवळून म्हणाला, "बाबूजी, इसको मत छेड़ो. जबसे टंगी है, बस टाइम पे आ रही है." काका घरी आले ते लालबुंद होऊन. मी इतकी हसले की काकूही दाराआडून हसली. तिला हसताना मी त्या वेळी पहिल्यांदा ऐकलं आणि पुढेही फार वेळा ऐकलं नाही.

आता काकूचं सांगायला हवं, कारण हे सगळं तिच्यासाठी चाललं होतं.

ती लामता गावची. शेतकऱ्याची मुलगी, लग्नात गाणी म्हणायला पुढे असायची, असं तिचा भाऊ सांगे. मी पाहिली ती काकू निराळी होती. हात इतके कापत की पेला दोन्ही हातांनी धरूनही पाणी सांडे. बोलता बोलता शब्द हरवे आणि मग ती जमिनीवर पडलेलं काही शोधावं तशी खाली बघत बसे. परक्या माणसाची चाहूल लागली की ती मधल्या खोलीत पळे. मधली खोली म्हणजे ओसरी आणि स्वयंपाकघर यांच्यामधली, खिडकी नसलेली, अंधारी. तिथे कोपऱ्यात पाठ लावून ती तासन् तास बसे. मला सोडलं तर कोणाशी ती चार वाक्यं बोलत नसे. "तोंडात तांब्याचा पैसा ठेवल्यावानी लागते, बाई," ती मला सांगे. "गुळ खाल्ला तरी पैसाच लागते."

तिच्या गळ्यातल्या पोतीतले सोन्याचे मणी पांढरे होते. चांदीसारखे चमकणारे नव्हेत, राखेसारखे मळकट पांढरे. दीक्षा घेतली त्याच्या पुढच्या वर्षी ते पहिल्यांदा तसे झाले. सवाष्णीच्या गळ्यातलं सोनं पांढरं पडलं म्हणजे बाहेरच्याने धरलं, असं लामत्याच्या लोकांचं ठाम मत. नदीत सोडलेले देव कोपले, असंही कोणी म्हणालं. काकांनी मणी काढले, शेगडीत तापवले आणि सगळ्यांसमोर पुन्हा पिवळे करून दाखवले. "पारा आहे हा. भूत असतं तर कोळशानं गेलं असतं का?" त्या दिवशी ते जिंकले. पण काही दिवसांनी मणी परत पांढरे झाले आणि काकूचे हात कापायला लागले.

तेव्हापासून पारा कुठून येतो ते शोधायचं आणि बायकोला वाचवायचं, हेच त्यांचं काम झालं. डॉक्टर शक्तीच्या बाटल्या देऊन मोकळे झाले होते. काकूचा भाऊ दर दोन-तीन महिन्यांनी लामत्याहून येई आणि दरवेळी तेच म्हणे. "भाऊजी, माह्या बहिणीले या घरानं धरलं आहे. मले तिले नेऊ द्या. आमच्या तिकडे जाणता माणूस आहे, तो पाह्यते." काकांचं उत्तरही ठरलेलं असे. "माह्या घरात भूत नाही. अन् भूत उतरवाले माही बायको कुठी जाणार नाही."

एखाद्या लग्नाला ती माहेरी जाई आणि जरा राहून परत येई तेव्हा खरंच बरी दिसे. हात कमी कापत, गालांवर रंग येई. भाऊ म्हणे, पाहा. काका म्हणत, "मायच्या घरी कोणाले बरं नाही वाटत?" मलाही ते पटे. आज मला त्याचा राग येतो. माझा, त्यांचा, सगळ्यांचाच.

शेजारच्या घरात एक नवी सून आली होती. कोवळी पोर, तिला काकूचा लळा लागला. दुपारी येऊन मधल्या खोलीत काकूजवळ बसे, तिचे केस विंचरून देई. काकूही तिला भीत नसे. पुढे त्या पोरीच्या नाकातली फुली पांढरी पडली आणि सासूने आकांत मांडला. पोर अपशकुनी ठरली, माहेरी पाठवायची तयारी झाली. काकांनी फुली मागून घेतली, शेगडीवर धरली आणि पिवळी करून सासूच्या हातावर ठेवली. पोर राहिली. पण गल्लीत निराळंच पसरलं, की काकूने ज्या सोन्याकडे पाहिलं ते पांढरं पडतं. बायका पदराने गळा झाकून आमच्या दारावरून जाऊ लागल्या. सून यायची थांबली. काकू बरेच दिवस मला विचारत राहिली, "ते पोरगी काहून येत नाही?" मी काहीबाही सांगत असे.

"घर बदला ना काका," मी एकदा म्हणाले. ते माझ्याकडे असे बघत राहिले, जणू मी काही वाईट बोलले होते. "तिचा भाऊ म्हणन, भुताले भेऊन पळाला. अन् पळून जाऊ कुठी? शहरभर पारा आहे. हे घर खोलगट आहे, म्हणून इथं येऊन बसते. कुठून येते ते सापडलं पायजे, मंग बंद करता येते."

मधल्या खोलीतच ती शेगडी होती. पावसाळा संपला, नद्यांचं पाणी उतरलं की वाळू धुऊन सोन्याचे कण काढणारी माणसं काकांकडे येत. ते कण पाऱ्यात धरलेले असत. हरभऱ्याएवढा राखाडी, मऊ गोळा. काका सगळ्यांना बाहेर घालवत, काकूलाही, दार लावून घेत, छपराच्या कवेलूंमधलं, म्हणजे कौलांमधलं, धुराडं उघडत आणि गोळा कोळशावर तापवत. पारा उडून जाई आणि तळाशी पिवळं सोनं राही. खाणीतून मिळालेली विद्या, गरिबांच्या उपयोगी पडावी, म्हणून ते कोणाकडून काही घेत नसत. एकदा मला दाराच्या फटीतून बघू दिलं. राखाडीतून पिवळा रंग वर येताना बघून मी श्वास घ्यायचं विसरले. "पारा गेला का?" मी विचारलं. "गेला. वर गेला, धुराड्यातून बाहेर. हवा त्याले घेऊन जाते."

त्या शेगडीवर त्यांना संशय आला नाही असं नाही. त्यांनी तिची परीक्षा घेतली होती. त्या खोलीतही एक पट्टी टांगली होती. हिवाळ्यात, शेगडी रोज पेटे तेव्हा मधल्या खोलीतली पट्टी जवळजवळ पिवळी राही. मे महिन्यात शेगडी थंड पडलेली असे आणि तेव्हाच पट्टी पांढरी फटक होई. मग शेगडीचा दोष कसा? पेटवायच्या वेळी मात्र ते पट्टी काढून ओसरीवर ठेवत आणि खोली निवली की परत टांगत. कोळशाच्या धगीने हिशेब बिघडायला नको म्हणून. त्यांचं सगळंच असं काटेकोर होतं.

मग सोन्यावरचा कायदा आला. चौदा कॅरेटच्या वरचं घडवायचं नाही. सराफ्यातल्या भट्ट्या विझल्या, कारागीर विड्या ओढत ओट्यांवर बसून राहिले. काकांच्या पट्ट्या सराफ्यात पहिल्यांदा पिवळ्या राहिल्या. स्टेशन साफ, घाट साफ, सराफा साफ. "शहराची हवा सुधारून राह्यली, बाई," ते म्हणाले, पण आवाजात आनंद नव्हता. कारण घरातली पट्टी आता काही दिवसांतच पांढरी होत होती. वाळू धुणारे जे लोक पूर्वी सराफ्यात जात, ते आता गुपचूप काकांच्या दारी येत होते. काका कोणाला नाही म्हणत नव्हते.

त्या काळात ते बदलले. त्यांचेही हात जरा कापू लागले होते. उगीच चिडत, मग कोपऱ्यात जाऊन बसत. पाऱ्याविषयी ते माणसाविषयी बोलावं तसे बोलू लागले. "त्याले सराफ्यातून काढलं, तर तो इथं आला. त्याले घर पायजे." मी घाबरून त्यांच्याकडे पाहिलं. भूत शब्द न चालणाऱ्या घरात ते हे बोलत होते आणि आपण काय बोलतो आहोत हे त्यांना कळत नव्हतं.

एका मे महिन्यात माझं गावी जाणं लांबलं. बाहेर लू वाहत होती. काकूने मला मधल्या खोलीत बोलावलं. काका तिचं अंथरूण पुष्कळदा ओसरीवर आणत, पण रस्त्यावरून माणूस गेला की ती आत येई, मग त्यांनी नाद सोडला होता. जमीन गार होती. मी तिच्या शेजारी आडवी झाले. वर उन्हाने तापलेले कवेलू मधूनच टक्, टक् वाजत होते. काकूचे डोळे उघडे होते आणि ती आढ्याकडे बघत होती.

"आता येते," ती म्हणाली.

"कोण, काकू?"

"दुपारीच येते. वरतून. हळूहळू उतरते अन् मंग छातीवर बसते. वजन नाही त्याले. पण बसते."

मी वर पाहिलं. काळोख, आढ्याचे वासे, त्यांना लोंबणारी काजळी. तेवढ्यात माझ्या तोंडाला तांब्याची चव आली. काकूने माझ्याकडे मान वळवली आणि तिला ते कळलं. "आलं," ती हळूच म्हणाली. ओसरीवरून काकांचा आवाज आला, "काय सांगून राह्यली बाईले?" तिने चटकन डोळे मिटले. "काही नाही." मी उठून माझ्या खोलीत आले आणि कडी लावून घेतली. शिकलेली बाई मी, भर दुपारी भ्याले. त्या रविवारी माझ्या कुडीच्या मागच्या बाजूला भिंगातून फिकट डाग दिसला. काकांनी दुसरी खोली शोधायला सांगितलं, मी टाळत राहिले.

पाऊस तोंडावर आला की आमच्या भागात कवेलू फेरतात. फुटके काढायचे, चांगले सारखे करायचे, जाळीजळमटं झाडायची. काका सगळं घर फेरून घेत, पण मधल्या खोलीवर माणूस चढू देत नसत, कारण डोक्यावर पावलं वाजली की काकू किंचाळे. त्या वर्षी माकडांनी नेमक्या त्याच खोलीवरचे कवेलू फोडले. इलाज नव्हता, माणूस वर चढवावा लागला. काकूचा भाऊ आलेला होता आणि तो बाहेरच्या खोलीत बसून होता. काकू कोपऱ्यातून हलायला तयार नव्हती. मी तिचा हात धरून तिच्याजवळ बसले. काका मध्यभागी वर बघत उभे होते.

"बाबूजी, हट जाइये, बहुत काजल गिरेगा," वरचा माणूस म्हणाला आणि त्याने कवेलूंची ओळ उचलली.

त्या खोलीत ऊन आलं. मी त्या घरात राहायला लागल्यापासून पहिल्यांदाच. त्याने वासा काठीने ठोकला तशी काजळी काळ्या लडींनी खाली आली आणि त्या काजळीबरोबर उन्हाच्या पट्ट्यात आणखी काहीतरी पडत होतं. राईहून बारीक, चकचकीत थेंब. आवाज न करता पडत होते. जमिनीवर पडले की पळत होते, एकमेकांना गाठून मोठे होत होते, आणि शेणाने सारवलेल्या जमिनीच्या खळग्यात त्यांचं एक लहानसं, जिवंत डबकं जमलं. वरचा माणूस "राम राम" म्हणत भराभर शिडी उतरला.

काकू मात्र भ्याली नाही. तिने माझा हात सोडला, बोट दाखवलं आणि कधी नव्हे ते अडखळल्याशिवाय बोलली. "पाहा. हेच. मी तुमाले सांगत होती."

काकांनी शिडीवर चढून एक कवेलू खाली आणला, उलटा केला आणि खालच्या बाजूने अंगठा फिरवला. अंगठ्यावर थेंब उभे राहिले. ते कवेलूकडे बघत होते, मग शेगडीकडे, मग आपल्या बायकोकडे. त्यांचा चेहरा मला अजून दिसतो.

"बाहेर गेलाच नाही तो," ते म्हणाले. "हिवाळ्यात थंड कवेलूले लागून तिथंच बसला. उन्हाळ्यात उतरला. मी वर धाडत होतो, बाई, अन् तो तिच्यावर उतरत होता. ती सांगत होती. मी तिले गप बसवलं."

ते बाहेर गेले. मोरीवर हात धुतले, पुष्कळ वेळ धुतले. मग मेहुण्यासमोर जाऊन उभे राहिले. मी मागोमाग गेले, कारण आता ते पाऱ्याचं सांगतील आणि मेहुणा ऐकणार नाही, मला मध्ये पडावं लागेल, असं मला वाटलं.

"भाऊ, तुमचं खरं होतं," काका म्हणाले. "या घरात आहे ते. तिले आजच घेऊन जा. अन् इथं परत आणू नका. मी न्यायले आलो तरी धाडू नका."

मेहुणा उठून उभा राहिला. त्याला आनंद व्हायला हवा होता. तो भ्याला होता. "भाऊजी, हे तुम्ही म्हणून राह्यले?"

"हौ. मी म्हणून राह्यलो. भूत आहे."

संध्याकाळच्या गाडीने काकू गेली. स्टेशनवर ती माझ्या आणि भावाच्या मध्ये लपून चालत होती. डब्यात बसल्यावर तिने काकांकडे पाहिलं आणि म्हणाली, "तुमाले पटलं न?" त्यांनी हो म्हणून मान हलवली.

परत येताना मी त्यांच्याशी भांडले. मला संताप आला होता. आयुष्यभर ज्या शब्दासाठी माणसं दारातून उठवली, तोच शब्द? खरं सांगायला काय झालं होतं? ते सायकल हातात धरून चालत होते. "पारा म्हटलं असतं, तर चार महिन्यांनी म्हणाले असते, झाडून-सारवून झालं असन, बहिणीले धाडून देऊ. तीही आली असती. भिंतीत मुरला आहे तो, बाई. कधी जाईन मले माहीत नाही. भूत म्हटलं का कोणी धाडत नाही."

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला खोली सोडायला लावली. मी विचारलं, मग तुम्ही कशाला राहता? तर म्हणाले, "रिकामं ठेवलं तर कोणी लेकराबाळांचा येऊन राहीन." शेगडी त्यांनी फोडली. वाळू धुणाऱ्यांना दारातून परत पाठवलं. काजळी खरवडली, जमीन खणली, सापडला तेवढा पारा बाटलीत पाण्याखाली बंद केला. आणि दाराला लिंबू-मिरची टांगली, कोणी घर विचारायला येऊ नये म्हणून. त्यांच्याबरोबर दीक्षा घेतलेली वॉर्डातली माणसं विचारायला आली. त्यांना त्यांनी तेच सांगितलं, भूत आहे. ती माणसं उठून गेली आणि पुन्हा त्यांच्या ओसरीवर चढली नाहीत. बुद्धपौर्णिमेला ते मागे, एकटेच उभे राहत. हे मला त्या थेंबांपेक्षाही बघवत नसे.

गावातल्या पट्ट्या त्यांनी काढून टाकल्या. फक्त मधल्या खोलीतली राहिली. दर उन्हाळ्यात ती पांढरी होई, पण दर वर्षी जरा उशिरा. मी कधीमधी जाई तेव्हा ते पट्टी उन्हात धरून दाखवत. "उतरून राह्यलं, बाई. हळूहळू." पट्टी एक अख्खा मे महिना पिवळी राहिली की तिला आणायचं, असं त्यांनी ठरवलं होतं. त्यांचे हात आता काकूसारखे कापत. ते मधल्या खोलीतच खाट टाकून दुपारभर पडून असतात, हे मला शेजारच्या सुनेने सांगितलं. मी विचारलं तर म्हणाले, "कळाले पायजे न, तिले काय होत होतं ते."

काही वर्षांनी परीक्षेच्या कामाने मी लामत्याला गेले आणि काकूला भेटून आले. मी ओळखलंच नाही तिला. अंगणात बसून गोधडी शिवत होती. सुईत दोरा तिने माझ्याशी बोलता बोलता ओवला. गळ्यातले मणी पिवळे होते. तिने मला भाकर वाढली, शाळेचं विचारलं, शेजारच्या सुनेचं विचारलं. तिला दोन मुलं झाली म्हटल्यावर हसली. मग भावजय आत गेल्यावर आवाज खाली केला.

"बाई, ते अजून येते का तिथं? दुपारी?"

काय सांगायचं ते काकांनी मला बजावून ठेवलं होतं. शिवाय ते खरंही होतं.

"हौ काकू, येते."

तिने दोन-चार टाके घातले. तिचे डोळे भरले होते. "मंग त्याईले सांगा," ती म्हणाली, "मधल्या खोलीत निजत नोका जाऊ म्हणा. ओसरीवर निजा म्हणा."

मी परत आल्या दिवशीच काकांकडे गेले. दुपार होती. ते आत पडलेले होते, हाका मारल्यावर दारात आले. मी तिचे हात सांगितले, मणी सांगितले, आणि मग तिचा निरोप सांगितला, तिच्याच शब्दांत.

ते आत गेले आणि थोड्या वेळाने खाट ओढत ओसरीवर आणू लागले. उंबऱ्यात पाय अडकला, हात कापत होते, खाट हलेना. मी पुढे होऊन दुसरं टोक धरलं.

"सोडा, बाई," ते म्हणाले. "तिनं मले सांगतलं आहे."